हद्दपार पेटी

तंबोरे लावायला घेतले की शिष्य बुवांना विचारतो, "पट्टी कुठली?" बुवा सांगतात, "काळी एक." एखाद्या बाई म्हणतात "काळी चार", तर कुणाची पांढरी पाच. आता तंबोऱ्याला ना काळी पट्टी असते ना पांढरी. चार तारा, चार खुंट्या आणि खाली भोपळा, एवढाच त्याचा संसार. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत त्या पेटीच्या. आपला षड्ज कुठे राहतो त्याचा पत्ता हिंदुस्थानी गवई कित्येक पिढ्या पेटीच्या भाषेत सांगत आले आहेत. गंमत अशी की याच पेटीला ऑल इंडिया रेडिओच्या स्टुडिओत पाऊल टाकायला बंदी होती. १ मार्च १९४० पासून ती अमलात आली आणि सैल झाली १९७१ मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत साम्राज्य गेले, देशाची फाळणी झाली, स्वराज्य आले, रेडिओची आकाशवाणी झाली. पेटीचा हुकूम मात्र जागेवर राहिला.

एखादे वाद्य सरकारी आदेशाने गप्प करावे इतका राग लोकांना त्याचा का आला असेल? हे कळायला आपल्या गाण्यात 'साथ' म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

कापडाचा पोत बोटांना कळतो, गाण्याचा कानाला. युरोपातल्या संगीताने हा पोत दाट केला तो वेगवेगळे सूर एकाच वेळी एकावर एक रचून. आपल्याकडे धागा एकच, गायकाच्या गळ्यातून निघणारा. तंबोरा त्याच्या मागे अखंड षड्ज-पंचमाची जमीन धरतो, तबला त्या जमिनीवर काळाच्या खुणा करतो, आणि तिसरा असतो तो सुरांचा साथीदार. त्याचे काम विचित्र आहे. गायक आता काय गाणार हे त्याला आधी माहीत नसते, कारण ते गायकालाही पुरते माहीत नसते. तरी त्याने तेच वाजवायचे, किंचित मागून. गायकाने श्वास घेतला की मोकळी पडलेली जागा भरायची, आणि गायकाने पुन्हा तोंड उघडले की बाजूला व्हायचे. एकच ओळ दोघांच्या अंगाने जरा वेगवेगळी होऊन जाते, आणि त्या दोन ओळींमध्ये जे केसाएवढे अंतर राहते तिथेच आपल्या मैफलीचा पोत तयार होतो. अंतर शून्यावर आले तर गाणे सपाट होते. जास्त झाले तर साथीदार गायकाच्या पायात येतो.

हे काम शतकभराहून अधिक काळ सारंगीकडे होते. आतड्याच्या तीन जाड तारा आणि त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास तरफा, म्हणजे न छेडता झणकारणाऱ्या बारीक तारा. उजव्या हातात गज. डाव्या हाताची बोटे तारेवर दाबायची नाहीत, नखांच्या मुळाशी तार टेकवून सरकवायची. त्यामुळे सारंगीतून निघणारा सूर गळ्यासारखा वळतो, घसरतो, कुंथतो, हुंदकाही देतो. तवायफांच्या मैफलीत सारंगिये आणि तबलजी वाद्ये कमरेला बांधून उभ्याने वाजवत आणि गाणारी जिकडे सरके तिकडे मागोमाग सरकत. साथीदार म्हणजे सावली, ही उपमा त्या काळी डोळ्यांनाही दिसत होती. गोव्यातल्या कलावंतिणींच्या गाण्यालाही सारंगीचीच साथ असे. ही सावली इतकी हुबेहूब होती की बऱ्याच ख्यालगायकांची घराणी मुळात सारंगियांच्या कुटुंबांतूनच वर आली. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गळ्यामागून चालताना ती विद्या आपोआप हाताला आणि मग गळ्याला लागे. पुढे मोठे गवई झाल्यावर काहींनी सारंगीची ओळख मागे टाकली, हा भाग वेगळा.

सारंगीचे दुखणे तिच्या गुणातच होते. गायकाची पट्टी बदलली की तारा पुन्हा लावा. राग बदलला की तरफा पुन्हा लावा. हवा दमट झाली की आतड्याची तार उतरते. रात्रभर एकच बाई गाणार असेल तर हे सगळे निभावून जाते. नाटकात काय करायचे?

मराठी रंगभूमीवर हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पदे म्हणायचे काम सूत्रधाराचे होते. तो आणि त्याचे साथीदार मागे उभे राहून गात आणि पात्रे पुढे सोंग आणत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले आणि हा मांड मोडला. आता शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंत स्वतः गाऊ लागला, कण्वही गाऊ लागले. म्हणजे एकाच प्रवेशात तीन गळे आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. स्त्रीपार्टी नटाचा सूर वर चढलेला, नायकाचा खाली. एकाचे पद संपून चार वाक्ये होतात न होतात तोच दुसऱ्याने सूर लावायचा. सुरुवातीला साथ सारंगी-तबल्याचीच होती, पण सारंगियाने खुंट्या पिळायच्या कधी? त्यात ध्वनिक्षेपक नाही, प्रयोग तंबूत किंवा मोठ्या नाटकगृहात, वर दिव्यांची धग, आणि पद रंगले की प्रेक्षकांचे 'वन्समोअर'. पेटीने सारंगीची जागा घेतली ती लोकांची अभिरुची घसरली म्हणून, असे जे पुढे म्हटले गेले ते मला पटत नाही. नाटकाला हवा होता न उतरणारा, हुकमी, कुठल्याही पट्टीत तत्काळ हजर होणारा आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा सूर. तो त्या वेळी एकाच वाद्यात होता.

ते वाद्य आले होते पॅरिसहून. आलेक्सांद्र दबाँ या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. वाऱ्याच्या झोताने थरथरणारी पितळी पाती हे त्याचे मर्म. आपले पेटीवाले त्या पातीला सरळ 'सूर'च म्हणतात, आणि खर्ज, नर, मादी अशी त्यांची कुळेही लावतात. मूळ हार्मोनियम हे टेबलाएवढे, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य. पायांनी भाते हलवायचे आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबायच्या. चर्चमधली प्रार्थना किंवा युरोपियन घरातला दिवाणखाना ही त्याची जागा. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते हिंदुस्थानात उतरले. १८८० च्या सुमारास कलकत्त्यात त्याचे रूप पालटले, आणि त्याचे श्रेय 'द्वारकिन' या पेढीच्या द्वारकानाथ घोषांना दिले जाते. पाय काढून टाकले, भाता मागच्या बाजूला आणला आणि पेटी जमिनीवर बसली. आपली बैठक जमिनीवरची, तेव्हा वाद्यालाही मांडी घालून बसणे भाग होते.

या बदलात एक गोष्ट न बोलता घडून गेली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. डावा हात भात्याला गेला. पट्ट्यांवर उरला एकटा उजवा हात. ज्या वाद्याचा जन्म दोन हातांनी सुरांचे थर रचण्यासाठी झाला होता, त्याचा एक हात आपण काढून घेतला आणि त्याला एका ओळीच्या संगीतात आणून बसवले. युरोपच्या दाट पोताचे यंत्र आपल्या एकेरी धाग्याच्या चाकरीला लागले. पाश्चात्त्य वाद्याने आमचे संगीत बिघडवले म्हणणाऱ्यांनी हा सौदा नीट पाहिला नाही. बिघडायचे होते ते आधी त्या वाद्याचेच बिघडले होते.

नाटकमंडळ्यांनी मात्र पुढे तो हात परत मिळवला. पेटीच्या जोडीला पायाने भाता मारायचा ऑर्गन आला, आणि रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत एका अंगाला ऑर्गन, दुसऱ्या अंगाला तबला अशी मांडणी रूढ झाली. दोन्ही हात मोकळे असल्याने ऑर्गनवाला उजव्या हाताने नटाच्या मागून चाले आणि डाव्याने खालच्या सप्तकात भरणा देई. नाट्यपदाचा जो भरगच्च, ऐटदार आवाज जुन्या लोकांच्या कानांत बसला आहे त्यात या डाव्या हाताचा वाटा मोठा. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' आणले. त्याच्या चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी, आणि टेंबे हे मुळात पेटीवाले. कोल्हापूरच्या या माणसाने भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला साथ केली होती. दुसऱ्याच्या मागून चालणारा आता पुढे होऊन चाली बांधू लागला. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीच्या तीन मालकांपैकी तो एक झाला. साथीदाराच्या जातीला इतका मान याआधी क्वचितच मिळाला असेल.

तरीही पेटीने सारंगीला एका रात्रीत हुसकावले नाही. गंधर्व मंडळीच्या भरभराटीच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे होते, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. बालगंधर्वांचा गळा लाडिक हरकत घेऊन वळला की ऑर्गन सुराची चौकट धरून ठेवी आणि सारंगी त्या वळणात शिरे. एक उभा आधार, एक वाकडी सावली. एवढा खर्च परवडायला मंडळी मालदार लागे, आणि तशा मंडळ्या थोड्याच होत्या. बाकीच्यांनी दोघांतला एक निवडायचा म्हटल्यावर काय निवडले असेल ते उघड आहे.

नाटकाबाहेरही वारे त्याच दिशेने वाहत होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्या काळच्या कर्ण्यात तंबोऱ्याची नाजूक जवारी पोचत नसे, पेटीचा सूर पोचे. म्हणून जुन्या तबकड्यांवर षड्ज धरायचे तंबोऱ्याचे कामही बरेचदा पेटीच करताना ऐकू येते. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईला. गाणे बैठकीतून वर्गात आले. तिथे वीस मुलांना एका सुरात आणायला पेटी सोयीची. आणि एक कारण असे, जे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते पण कागदावर कमी उतरले. सारंगी म्हटले की कोठा आठवे. सदाशिव पेठेतल्या किंवा गिरगावातल्या घरात मुलीने गाणे शिकायचे तर सारंगिया दारात चालत नव्हता, पेटीमास्तर चालत होते. पेटीला पूर्वायुष्य नव्हते. बरे, सारंगी शिकायला अख्खा जन्म द्यावा लागतो. पेटीवर मात्र सहा महिन्यांत भजन निघते. कीर्तनकार, भजनी मंडळे, शाळेतली प्रार्थना, सगळीकडे ती या सोयीपोटी गेली.

पेटी घराघरांत गेली तशी तिच्याविरुद्धची तक्रारही वाढली, आणि ती पोकळ नव्हती. पेटीचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत कापलेले असते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर प्रत्येक पायरी नेमकी १०० भागांची. तंबोरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून न छेडता गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो बसतो ३८६ च्या आसपास. पेटीचा गंधार ४०० वर. म्हणजे एकाच बैठकीत दोन गंधार, एक तंबोऱ्यातून आपोआप उमटलेला आणि दुसरा शेजारून चौदा भाग चढा. सुराला बसलेला कान यावर कळवळणारच. दुसरी तक्रार त्याहून मोठी. पेटीला मींड नाही. षड्जावरून पंचमावर जायचे तर मधली वाटच नाही, मधल्या पायऱ्यांवर पाय ठेवत तरी जा किंवा उडी मारा. दरबारीचा झुलणारा कोमल गंधार पेटीवर झुलत नाही. तो एकतर आहे, नाहीतर नाही.

यावर महाराष्ट्रातच एक इलाज शोधला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचे, गणित मांडले. त्यांना भेटले अर्नेस्ट क्लेमंट्स, सनदी सेवेतले इंग्रज न्यायाधीश. दोघांनी मिळून बारांपेक्षा जास्त सूर असलेली 'श्रुती हार्मोनियम' घडवली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हे वाद्य तिथे मांडले गेले, आणि त्याच्या पडताळ्यासाठी गायला बसले अब्दुल करीम खाँ. मुंबईचे वकील आणि संगीतशास्त्री भातखंडे यांना हे श्रुतिशास्त्र मान्य नव्हते. एका बाजूला सांगलीचा निवृत्त सरकारी अधिकारी आणि इंग्रज जज्ज, दुसऱ्या बाजूला मुंबईचा वकील, मध्ये किराणा घराण्याचा गवई, आणि वाद कशावरून तर पेटीच्या पट्ट्यांवरून! परिषदेत निकाल लागला नाही. बाजारात लागला. श्रुती हार्मोनियम महाग आणि हाताळायला अवघड, म्हणून ती मागे पडली, आणि बारा पट्ट्यांची साधी पेटी हजारोंनी विकली गेली.

आता रेडिओ. १९३५ मध्ये लायनेल फील्डन लंडनहून हिंदुस्थानच्या नभोवाणीचे प्रमुख म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडले. त्याच सुमारास जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार इथे पोचले आणि दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. फोल्ड्स हिंदी संगीताचे खरे प्रेमी. देशी वाद्यांचा वाद्यवृंद बांधायचा त्यांनी ध्यास घेतला होता, आणि त्या ध्यासात पेटी त्यांना काट्यासारखी खुपत होती. १९३८ साली रेडिओच्या इंग्रजी पाक्षिकात त्यांनी पेटीवर सडकून टीका केली. तिचे ठरीव सूर गवयांचे कान नासवतात, तिला मींड-गमक येत नाही, हा त्यांचा रोख. त्याआधीही फॉक्स स्ट्रँगवेज, आनंद कुमारस्वामी या अभ्यासकांनी असेच लिहिले होते. जवाहरलाल नेहरूंनी १९३६ च्या आत्मचरित्रात या वाद्याबद्दलचा तिटकारा लपवला नव्हता. त्यांना तर स्वराज्य सरकारकडूनच त्याच्यावर बंदीची आशा होती. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राच्या संचालकांना पत्र लिहून स्टुडिओतून पेटी काढून टाकण्याचा आग्रह धरला. सहा आठवड्यांच्या आत, १ मार्चला, बंदी लागू झाली. फोल्ड्स ती पाहायला उरले नव्हते. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पटकीने त्यांचा मृत्यू झाला होता.

या पंगतीत कोण कोण बसले आहे ते बघण्यासारखे आहे. साम्राज्याच्या रेडिओवरचे इंग्रज अधिकारी, राष्ट्रीय चळवळीतला पुढारी आणि शांतिनिकेतनचा कवी. एरवी कशावरही यांचे एकमत झाले नसते. इंग्रजांना पेटीत आपल्याकडच्या स्वस्त चर्चचा सूर ऐकू येत होता आणि अस्सल पूर्व हवी होती. राष्ट्रवाद्यांना तीत परक्याची खूण दिसत होती. ज्यांचे पोट पेटीवर होते, ज्यांनी तिला साठ वर्षे माणसाळवले होते, त्यांच्यापैकी कुणाचा सल्ला या निर्णयाआधी घेतला गेला असेल असे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर बंदी उठली नाही, उलट तिला वैचारिक बळ मिळाले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकरांकडे होते. रेडिओवरून सिनेसंगीताची गळचेपी करणारे म्हणून त्यांचे नाव लोकांच्या लक्षात आहे. शुद्ध शास्त्रीय संगीताबद्दल त्यांचा आग्रह कडवा होता, आणि त्या आग्रहात पेटीला जागा नव्हती. त्यामुळे एक दुहेरी जग तयार झाले. पुण्याचेच पाहा. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुणे केंद्राचे प्रसारण सुरू झाले. एकाच गावात, त्याच गवयांच्या शेजारी, मंडपात पेटी आणि स्टुडिओत सारंगी किंवा व्हायोलिन. पु. ल. देशपांडे त्याच दशकात आकाशवाणीच्या नोकरीत होते, आणि पुलंचा पेटीवरचा हात ज्यांनी ऐकला त्यांना या नोकरीतली खोच वेगळी सांगायला नको.

बंदीचा फायदा झाला नाही असे नाही. केंद्राकेंद्रांवर सारंगियांना पगारी नोकऱ्या मिळाल्या. संस्थाने बुडाली होती, कोठे उठले होते, अशा वेळी तो पगार नसता तर कित्येक घरांतली सारंगी भिंतीवरच राहिली असती. व्हायोलिनलाही साथीत मान मिळाला. गजाननराव जोशींसारखा गवई तितक्याच अधिकाराने व्हायोलिन वाजवत होता. सावलीचे काम पुन्हा गजाकडे आले.

पण मंडपातल्या पेटीवाल्यांनी या तीस वर्षांत जे केले ते मला जास्त थोर वाटते. आपल्या वाद्यात काय नाही हे त्यांना टीकाकारांहून चांगले ठाऊक होते. मग त्यांनी त्या 'नाही'भोवती साथीची नवी रीत बांधली. गायकाने मींड घेतली तर पेटीवाला मधल्या वाटेवर पायच ठेवत नाही. जिथून निघाले तो सूर हलकेच धरतो आणि जिथे पोचले तिथे जाऊन थांबतो. मधला प्रवास गळ्याचा. आपल्या कानाला वाटते की पेटीही घसरत गेली. दरबारीच्या गंधारावर तो बोट रोवून बसत नाही. ऋषभावरून कणाचा स्पर्श करतो आणि निसटतो. तानेत सगळे सूर दाबायची शर्यत लावत नाही, ठळक मुक्काम दाखवतो. भात्याचा दाब हाच त्याचा श्वास, आणि तो इतका कमी ठेवतो की पेटीचा चढा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराशी भांडायला जात नाही. थोडक्यात, काय वाजवायचे यापेक्षा काय गाळायचे हे शिकण्यात त्यांची उमेदवारी जाई. मुंबईत पी. मधुकर, बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर यांनी एकल वादनात पेटीला गळ्याजवळ आणले. भीमसेनांच्या साथीला आप्पा जळगावकर आणि पुरुषोत्तम वालावलकर बसत. गोविंदराव पटवर्धनांचा एक पाय नाटकाच्या ऑर्गनवर असे आणि एक मांडी मैफलीत. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर मधुकरांकडे शिकून पुढे या परंपरेचे आधारस्तंभ झाले. पेटीत वाकायला काही नव्हते म्हणून हे लोक स्वतः वाकले.

कारागिरांनीही आपल्या परीने वाट काढली. बारा सारख्या पायऱ्या मोडून एकाच पट्टीत गाणाऱ्यासाठी सूर घासून घ्यायची रीत पडली. ती पेटी त्या षड्जावर गोड वाजे, पट्टी बदलली की बेसूर. सारंगीची जुनी अडचण अशी मागल्या दाराने पेटीत शिरली. अगदी अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. देवलांची शंभर वर्षांपूर्वीची तळमळ अजून शमलेली नाही.

१९७० साली दिल्लीत पेटीच्या प्रश्नावर चर्चासत्र भरले. बाजू तीस वर्षांपूर्वीच्याच होत्या, गणितही तेच. बदलले होते ते बाहेरचे वास्तव. रेडिओवर गाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गवयाची घडण पेटीच्या साथीत झाली होती आणि स्टुडिओतून बाहेर पडल्यावर तो पेटी घेऊनच बसत होता. पुढच्या वर्षी बंदी सैल झाली. वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेण्याची मुभा मिळाली. एकल वादनाला परवानगी नव्हती, आणि ती पुढेही कित्येक वर्षे मिळाली नाही. सरकारी दफ्तरात पेटी साथीदार म्हणून शुद्ध ठरली, कलावंत म्हणून नाही.

सारंगीचे उलटे झाले. राम नारायण १९४९ मध्ये दिल्ली रेडिओ सोडून मुंबईला आले होते. गवयांच्या मागे चालताना त्यांचा जीव गुदमरत होता. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांवर पोट भरत त्यांनी १९५० च्या दशकात सारंगी एकटीच मंचावर आणली. लोक स्वीकारतील की नाही अशी धास्ती होती, पण पुढे युरोप-अमेरिकेपर्यंत ती गेली आणि २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दुसऱ्याच्या गळ्याची सावली असलेले वाद्य मंचाच्या मधोमध बसले. तोवर सावलीचे काम पेटीने उचलले होते. आजही मैफलीत तबला गायकाच्या उजव्या हाताला असतो आणि डाव्या हाताला पेटी. पेटीवाला बसतो, भाता उघडतो, गायकाकडे बघतो. मागचा शिष्य विचारतो, "पट्टी कुठली?"